स्टंप पडेपर्यंत

शुक्रवार, एप्रिलचा पहिला आठवडा, सकाळी सहा.

हजर: माझा नवरा (कप्तान आणि विकेटकीपर), साताऱ्याकडचे दोन ड्रायव्हर, रत्नागिरीचा एसी मेकॅनिक, नांदेडचे दोघे इलेक्ट्रिशियन, आमच्याच वसईचे तिघे ऑफिसवाले, आणि स्कोअरची वही घेऊन मी. गैरहजर: माझ्या बहिणीचा मुलगा. तो नोव्हेंबरपासून कतारमध्येच नाही. तरी दर शुक्रवारी हजेरीत त्याचं नाव लिहिते आणि पुढे फुली मारते. नाव गाळायला हात धजत नाही.

भाचा एकविसाव्या वर्षी गोदामातल्या नोकरीवर दोहाला आला आणि अल हिलालच्या आमच्या फ्लॅटमध्ये राहू लागला. शुक्रवारच्या टेनिस बॉल क्रिकेटला नवऱ्याने त्याला पहिल्याच आठवड्यात ओढलं. बॅटिंग यथातथा, बोलिंग त्याहून वाईट. पण सीमारेषेवरून फेकलेला त्याचा चेंडू कुठेही न टेकता सरळ कीपरच्या हातात यायचा. साताऱ्याचा थोरला ड्रायव्हर म्हणाला, "मावशी, तुमचा भाचा न्हाय, तोफ हाय!" त्यानंतर ही मंडळी मुद्दाम दुसरी धाव घ्यायची, बाद झालं तरी चालेल, पण त्याचा थ्रो बघायला मिळावा.

शेजारच्या मैदानावर संध्याकाळी बेसबॉल चालायचं. तिथला प्रशिक्षक एक जपानी इंजिनियर, नोकरी लुसैलच्या एका ऑफिसात. एका शुक्रवारी तो सकाळीच मैदानाची पाहणी करायला आला होता. त्याने भाच्याचा एक थ्रो पाहिला आणि थेट माझ्यापाशी आला, कारण वही माझ्या हातात होती. दोन महिन्यांत भाचा त्याचा पिचर झाला. पिचर म्हणजे फलंदाजाकडे चेंडू फेकणारा. सगळा खेळ त्याच्या हातावर असतो, म्हणून तो हात मोजूनमापून वापरायचा, एवढं मला पहिल्याच दिवशी समजावलं गेलं. एका सामन्यात अमुक चेंडू झाले की बाहेर, मग चार दिवस विश्रांती.

"मॅडम, हा जे काही फेकेल ते सगळं लिहा," प्रशिक्षक म्हणाला.

मी लिहिलं. तारीख, सरावातले चेंडू, सामन्यातले चेंडू, विश्रांतीचे दिवस. मर्यादा एकदाही ओलांडू दिली नाही. एकदा भाचा रंगात आला होता, मर्यादेला दोनच चेंडू उरले होते, तर मी बाकावरून उठून हात वर केला. तो चिडला. "मावशी, तू तर आमच्या शाळेच्या सिस्टरपेक्षा कडक आहेस!" पण बाहेर आला.

शुक्रवारची सकाळ मात्र त्या वहीत कधीच आली नाही.

आमची एक पद्धत पडली होती. सामना संपला की नाश्त्याआधी एकच स्टंप रोवायचा, आणि भाच्याने सीमारेषेवरून तो पाडायचा. पडेपर्यंत डबा बंद. डबा माझा असायचा: अंड्याची भुर्जी-पोळी, नाहीतर पोहे, सोबत थर्मासभर करक, म्हणजे इथला दाट वेलचीचा चहा. कधी चौथ्या थ्रोला पडायचा, कधी विसावा झाला तरी नाही. मंडळी ओरडायची.

"अरे, पोटात कावळे मेले!"

"यल्ला, यल्ला, चल लवकर, पोहे थंड व्हाय लागलेत!"

आणि मी झाकणावर हात ठेवून बसायचे. "पाडल्याशिवाय उघडणार नाही." हे माझं वाक्य. सगळे हसायचे, तो पुन्हा मागे जाऊन सगळा जोर लावून फेकायचा, आणि त्याच संध्याकाळी बेसबॉलच्या मैदानावर मी पान उघडून पहिल्या चेंडूला एक लिहायचे.

सकाळचं मला फेकणं वाटलंच नाही. ते क्रिकेट होतं, तेही टेनिस बॉलचं, घरच्यांसोबतचं. काम संध्याकाळी सुरू व्हायचं.

पुढच्या हिवाळ्यात अमिरातीतल्या एका व्यावसायिक संघाने त्याला एका मोसमासाठी करारावर घेतलं. पहिला सामना आम्ही फोनवर पाहिला. पहिल्या तिन्ही फलंदाजांना त्याने परत पाठवलं आणि नवरा सोफ्यावर उभा राहिला. दुसऱ्या सामन्यात ठीक. तिसऱ्यात अकराव्या चेंडूनंतर त्याने हात खाली सोडला आणि कोपराकडे असं पाहिलं, जणू तिथून कुणी हाक मारली. मी घरी बसूनही मोजत होते. तो अकरा अजून पुढे सरकत नाही. कपडे मशिनमध्ये टाकताना मोजते, लिफ्टचे मजले मोजते, आणि अकराला थांबते.

कोपरातलं लिगामेंट अर्धवट फाटलं होतं. संघाच्या डॉक्टरने मागच्या वर्षभराची नोंद मागितली. भाच्याने अभिमानाने माझ्या वहीचे फोटो पाठवले. डॉक्टर म्हणे खूश झाला. इतकी नीट नोंद त्याने पाहिली नव्हती. आणि त्या नीट नोंदीवरून त्याने निष्कर्ष काढला की हातावर जादा भार पडलेलाच नाही, म्हणजे दोष फेकण्याच्या पद्धतीत आहे. हात जरा भरून आल्यापासून तिथे त्याची फेकण्याची पद्धत मोडून नव्याने बसवणं चाललंय. कोपर कुठे, खांदा कुठे, पाय कधी उचलायचा. चेंडू आता कुठेही जातो. महिनाअखेरीला करार पुढे न्यायचा की नाही ते ठरणार आहे.

गेल्या रविवारी त्याचा फोन आला.

"मावशी, मी लहानपणापासून चुकीचाच फेकतोय म्हणे. फेकताना बरं वाटायचं, तेवढंच."

"असं कोण म्हणालं?"

"सगळेच. रेकॉर्ड आहे ना. तुझंच."

मी म्हणाले, "जेवलास का?"

तो म्हणाला, "हो." मागे कुठेतरी चेंडू ग्लोव्हमध्ये बसल्याचा आवाज येत होता, एकसारखा, दुसऱ्याच कुणाचा तरी.

म्हणून या शुक्रवारी सामना संपल्यावर मी सगळ्यांना विचारलं: स्टंप पाडायला तो साधारण किती थ्रो टाकायचा? मला दर आठवड्याचा आकडा हवाय.

आधी चेष्टा झाली. "आता त्याचाबी हिशोब व्हय, मावशी?" मी सांगितलं कशासाठी, तेव्हा चेष्टा थांबली. नांदेडच्या धाकट्याने फोन काढला. त्याच्याकडे जुने व्हिडिओ होते. आम्ही सहा पाहिले. प्रत्येकात तो फेकतोय, आणि कॅमेऱ्याच्या अगदी जवळून माझा आवाज येतोय. थोरला ड्रायव्हर हळूच म्हणाला, "हलका बॉल लई झटका देतो कोपराला. मला ठाव होतं. आमच्या गावात एकाचा गेला होता हात. पर म्हटलं, पोरगं हसतंय."

नवरा हातमोजे काढत म्हणाला, "राहू दे आता. त्यांना सांगून काय होणार? उलट म्हणतील, संघापासून लपवलं. करार तिथेच खलास."

"आणि न सांगता?"

तो उभा होता तिथूनच सीमारेषेच्या त्या कोपऱ्याकडे बघत राहिला. तिथे आता कुणी क्षेत्ररक्षणाला उभं राहत नाही. तसं कुणी ठरवलेलं नाही. चेंडू तिकडे गेला की चौकार मानतात.

दुपारी घरी येऊन मी नवं पान आखलं. शुक्रवार, व्हिडिओत दिसलेले थ्रो, अंदाजे थ्रो, त्याच संध्याकाळचे बेसबॉलचे चेंडू. जिथे नक्की माहीत नाही तिथे प्रश्नचिन्ह टाकलं. खाली लिहिलं की आधीची नोंद अपुरी होती, ती मी ठेवली होती, आणि सकाळचे थ्रोही मोजायचे असतात हे मुलाला कुणी सांगितलं नव्हतं. पानाचा फोटो काढून ईमेलला जोडला आणि भाच्याने पूर्वी पाठवलेला डॉक्टरचा पत्ता टाकला. मग थांबले. हे परक्या माणसाला कळण्याआधी त्याला कळायला हवं, माझ्याकडून.

आज मंगळवार. पान तयार आहे. त्याचा सराव चारला संपतो, त्यानंतर तो फोन उचलतो. काल चारला मी कपाट आवरलं. परवा चारला नवऱ्याला बाजारात घेऊन गेले. आजच्या यादीतली सात कामं झाली. आठवं, त्याला फोन, अजून व्हायचं आहे.