मागच्या पायांची पारख

"तोंडाकडं काय पाहून राह्यले सर? मांगून पाहा, मांगून!"

आमच्या किन्हीराजाच्या शाळेतल्या खेळाच्या मॅडम मला असं नेहमी सुनवायच्या. समोर कुत्रा असो, गोऱ्हा असो, नाहीतर खो-खोच्या संघात यायला आलेली पोरगी असो, मॅडम आधी मागे जाऊन उकिडव्या बसायच्या आणि म्हणायच्या, "चाल आता."

मॅडम ही पारख मेंढरांच्या कुत्र्यांवरून शिकल्या, हे एका पालकाला कुणीतरी सांगितलं. तो तावातावानं शाळेत आला. "आमच्या पोरीले कुत्र्यावानी पाह्यता काय?"

"हो," मॅडम म्हणाल्या. "आमच्या घरी त्याच्याइतकं नीट कोनालेच पाहत नाहीत."

गडी गोंधळला. चहा पिऊन गेला. पोरगी पुढं जिल्ह्याच्या संघात खेळली.

मॅडम मेंढपाळाच्या घरातल्या. वडील आणि धाकटा भाऊ अजूनही कळप घेऊन शिवारं फिरतात. बापाचा धंदा त्यांनी कधी लपवला नाही. उलट शिक्षकांच्या खोलीत डबा खाता खाता आम्हाला शिकवायच्या, "कुत्र्याचा सारा जोर मांगच्या पुठ्ठ्यात. मांगचा पाय गुडघ्यात नीट वाकलेला पाहिजे, टाच खाली पाहिजे. मंग तो दबून बसते, अन् तिथल्या तिथं वळते. पाय खांबावानी सरळ असला तर पाऊल आखूड पडते, वळाले जागा लागते."

"मग जितका वाकलेला तितका चांगला?" मी विचारलं.

"नाही ना! लय वाकला की मांगून डुलते. दमते लवकर."

त्यांच्या कळपातल्या कुत्रीची पिल्लं पळायला लागली, तेव्हा दिवाळीची सुट्टी होती. दोन पिल्लं ठेवायची होती. भावाला एक धिप्पाड पिल्लू आवडलं, शेरू. मॅडमनी त्याला मागून पाहिलं आणि नाक मुरडलं. पाय सरळसोट. त्यांनी उचलली एक बारकी, भुरकट कुत्री. तिचं नाव भुरीच पडलं.

"कुत्रं काय खो-खो खेळाले न्यायचं हाय?" भाऊ चिडला. वडील हसले. दोन्ही पिल्लं राहिली.

पुढची दिवाळी उलटून तुरी निघाल्यावर कळप गावाजवळच्या एका रिकाम्या शेतात बसला होता. रविवारी मॅडम मलाही तिथं, वडील-भावाकडे, घेऊन गेल्या. आम्ही बांधावर बोलत होतो, तेवढ्यात मालेगाव रोडवर एका टिप्परचा टायर फुटला. कान बधिर करणारा आवाज. सगळा कळप उधळला आणि थेट रोडकडे सुटला.

आधी धावला शेरू. सरळ रेषेत तो बाणासारखा गेला, मेंढरांना मागं टाकून पुढं निघाला. पण वळायला गेला आणि त्याचा मागचा भाग घसरला. भला मोठा फेरा घेईपर्यंत मेंढरं निसटली होती. भाऊ काठी घेऊन मागं धावला.

मग भुरी आली. ती कडेनं पळाली, पुढच्या मेंढीच्या तोंडासमोर ढुंगण टेकवून दबली आणि जागच्या जागी फिरली. एकदा इकडं, एकदा तिकडं. रोडच्या अलीकडेच कळपाचं तोंड फिरलं.

पण वळलेली मेंढरं आता शेताच्या कोपऱ्यातल्या विहिरीकडे निघाली. विहिरीला कठडा नव्हता. भुरी होती कळपाच्या दुसऱ्या टोकाला. शेरू मात्र मोठा फेरा घेत नेमका विहीर आणि कळपाच्या मधे पोचला होता.

"शेरू, उभा राह्य!" मॅडम ओरडल्या. "हलू नको!"

शेरू उभा राहिला. चारी पाय रोवून. मेंढरं त्याच्या अंगावर आली, धडकली, तो तसूभर सरकला नाही. कळप फुटून दोन्ही बाजूंनी शेतात परतला. एकही मेंढरू गेलं नाही.

भाऊ शेरूच्या गळ्यात पडला. मग बहिणीकडे न पाहता म्हणाला, "ताई, भुरी तुहीच खरी."

"अन् शेरू तुहा," मॅडम म्हणाल्या. "म्या त्याले कमी समजलं होतं. वळाचं काम त्याचं नाही, पन उभं राह्यनं त्याच्याच पायाचं काम हाय."

म्हाताऱ्या वडिलांची छाती फुगली होती, हे मी पाहिलं.

यंदा मॅडमची बदली झाली. निरोपाच्या कार्यक्रमाला वडील शिवारातून चालत आले, डोक्याला पागोटं, खांद्यावर घोंगडी. मुख्याध्यापकांनी त्यांना स्टेजवर बोलावून दोन शब्द बोलायला सांगितलं. म्हाताऱ्यानं घोंगडी काढली, झटकली, चौघडी केली आणि लेकीच्या खुर्चीवर नीट अंथरली.

"बस, माय," ते म्हणाले.

मॅडम बसल्या. म्हातारा शेजारी उभा राहिला, आणि सारी शाळा त्याच्याबरोबर उभी राहिली.