शकूचे गुडघे

शकूचा मुलगा प्रसाद याचा हॉस्पिटलमधून फोन आला, तेव्हा मी दारात खुर्ची टाकून बसले होते. ‘मावशी, आई गेली...’ एवढंच म्हणाला. मी नुसतं ‘हं’ म्हणाले. समोर शकूचं कुलूप लावलेलं दार, मधे आम्हा दोघींचा पॅसेज आणि कोऱ्या फरश्या. माणूस गेल्याचं कळल्यावर पहिल्यांदा मनात काय यावं, यावर आपला काही ताबा नसतो. माझ्या मनात आलं, गेली बाई, आणि गुडघे धडधाकट घेऊन गेली. खोटं कशाला बोलू? आता महिना उलटून गेलाय, तरी मला तेच वाटतंय.

कर्वेनगरातल्या या सोसायटीत आम्ही दोघी नव्या नवऱ्या म्हणून एकाच सुमारास आलो. तळमजला, दारासमोर दार. पॅसेजमधली रांगोळी पहिल्या दिवसापासून माझी. वरच्या मजल्यावरचे लोक ऑफिसला निघताना ती मोडू नये म्हणून भिंतीला चिकटून जायचे. शकूला मात्र रेघ कधी सरळ आली नाही. हौस उदंड, हात वाकडा. तिचं कमळ कोबीच्या गड्ड्यासारखं दिसायचं आणि ते मी तिला तोंडावर सांगायचे. ‘अगं, मग भाजी कर त्याची,’ म्हणून ती खो खो हसायची. तिला राग कसा तो यायचाच नाही. मला त्याचाही राग यायचा.

साठी उलटली आणि माझे गुडघे कुरकुरायला लागले. आधी उकिडवं बसणं गेलं, मग मांडी गेली, मग जिना. डॉक्टरांच्या टेबलावर प्लास्टिकचा एक पाय होता, खुब्यापासून घोट्यापर्यंत नुसती हाडं. त्याचा गुडघा उघडून ते म्हणाले, ‘आजी, ही मधली गादी तुमच्याकडे उरलेलीच नाही. हाडावर हाड घासतंय.’ दोन्ही गुडघे बदलले. चालायला लागले, पण जमिनीवर बसायचं नाही, ही तंबी कायमची. आणि त्याच दिवाळीत शकूनं स्वतःच्या दारात रांगोळी काढता काढता, मला न विचारता, माझ्या दारातही काढली. माझ्या दारात तिचा कोबी! मी खुर्चीवरून बघत राहिले. उकिडवी बसून ती अशी सरकायची की जणू खाली चाकं लावलीत. आणि उठायची कशी, तर हात कशालाही न टेकता, एका दमात.

हळदीकुंकवाला आम्ही सगळ्या खुर्च्यांवर ओळीनं, औषधाच्या दुकानातल्या बाटल्यांसारख्या, आणि ही एकटी सतरंजीवर मांडी ठोकून. माझी सून म्हणायची, ‘शकूमावशींना बघा ना आई, या वयात!’ या वयात म्हणजे काय? माझ्याच वयात की. मी कॅल्शियमच्या गोळ्या वेळेवर घेणारी, सकाळी उन्हात बसणारी. ही गोळ्या आणून फ्रिजवर ठेवायची आणि विसरायची. तरी गुडघे तिचे चांगले. हा कुठला न्याय? मी जळायचे. अगदी आतून, तिखट लागल्यासारखी जळायचे.

एकदा ती एक पांढरा पाइप घेऊन आली. नळाच्या कामातून उरलेला, कमरेइतका लांब, वरच्या तोंडाला पाण्याच्या बाटलीचं कापलेलं नरसाळं चिकटपट्टीनं बसवलेलं. ‘विजू, यात रांगोळी ओत आणि खुर्चीवर बसून काढ. मी करून बघितलंय, पडते बरोबर.’ मी म्हणाले, ‘माझी एवढी कीव करायची गरज नाही.’ ती म्हणाली, ‘कीव नाही गं बाई. मला तुझी रांगोळी बघायचीय. माझीच बघून कंटाळा आलाय.’ पाइप मी दाराआड छत्र्यांमधे उभा केला. तो तिथेच राहिला.

आणि मग गेल्या थंडीतली ती सकाळ. माझ्या दारातली रांगोळी संपवून ती हात न टेकता उठली, आणि रांगोळी काढणारी कुठलीही बाई सरते तशी मागं सरली, जरा लांबून बघायला. मागं पार्किंगमधे उतरायची पायरी. जन्मभर उतरलेली पायरी ती, पण नजर रांगोळीवर होती. ‘जमली का गं?’ एवढं म्हणाली आणि कुशीवर पडली. उंचावरून नाही, काही नाही. एक पायरी फक्त! मी खुर्चीतून हाका मारत सुटले. मला खाली वाकून तिला हातसुद्धा देता येईना.

डॉक्टर तेच, प्लास्टिकचा पायही तोच. या वेळी त्यांनी वरचं टोक दाखवलं. खुब्याच्या खोबणीत बसणारा गोळा, आणि त्याच्याखालची हाडाची बारीक मान. ती मान मोडली होती. ‘हाडं आतून पोकळ झाली होती,’ ते म्हणाले, ‘गुडघे मात्र तरुण मुलीसारखे आहेत हो आजींचे.’ तिथेही कौतुक गुडघ्यांचंच! गोळा बदलला. दुसऱ्या दिवशी नर्सनं वॉकर धरायला लावला, तर ही उभी राहिली आणि वर चार पावलं चालली. माझे गुडघे बदलल्यावर तसं उभं राहताना मी रडले होते, नर्सला शिव्या घातल्या होत्या. आता तिलाही मांडी घालायची नाही, खाली बसायचं नाही, हे कळल्यावर ती मला म्हणाली, ‘विजू, आता मी पण खुर्चीवाली.’ इतकी वर्षं मला हेच हवं होतं. पण ते ऐकवेना. मी म्हटलं, ‘गप गं. तू नाही बसलीस तर आमच्याकडे खाली बसेल कोण?’ पुढे छातीत कफ झाला, न्यूमोनिया झाला, आणि ती घरी आलीच नाही.

परवा सकाळी माझं कोरं दार मला सहन होईना. छत्र्यांमधून पाइप काढला, रांगोळी ओतली आणि खुर्चीत बसून कमळ काढायला घेतलं. हात माझाच, पण पाइप मेला हलतो. रेघ जाड येते, पाकळ्या फाकतात. अख्ख्या सोसायटीत जिच्या रेघेला नावं ठेवायची कुणाची टाप नव्हती, तिच्या दारात कोबी उगवला.

तेवढ्यात वरच्या मजल्यावरची मनीषा ऑफिसला निघाली. रांगोळी पाहून थबकली. ‘अय्या! ही तर अगदी शकूमावशींच्या हातची वाटतेय...’ असं म्हणत नीट बघायला एक पाऊल मागं सरली.

‘तिचीच आहे,’ मी ओरडले. ‘आणि मागं सरू नकोस, पायरी आहे!’