पूजेला बसलेले स्केट्स

आमचा निहार पोटापाण्यासाठी बर्फावर घसरतो.

तो आइस हॉकीत फॉरवर्ड आहे. म्हणजे पुढे जाऊन गोल करायचे, आणि त्याबद्दल क्लब त्याला पगार देतो. (हे सगळं नीट ऐकून घेऊन पुण्याची माझी बहीण म्हणाली, "ते ठीक रे, पण नोकरी काय करतो?") लंडनजवळच्या वॉटफर्डमधल्या आमच्या ओळखीच्या मराठी घरांत मुलं डॉक्टर झाली, वकील झाली. आमच्या मुलाचे पुढचे दोन दात खोटे आहेत. मी जन्मभर सॉफ्टवेअरमध्ये बसून काढलेला माणूस, मला त्या खेळातलं एवढंच कळतं की गोल झाला तर घरात जेवण नीट होतं. त्या मोसमात तो होतच नव्हता.

नव्या क्लबने त्याला ऑक्टोबरअखेरपर्यंतच घेतलं होतं. नऊ मॅच झाल्या, निहारचे गोल शून्य. त्याचा कोच डग हा दाराएवढा कॅनेडियन. त्याने स्वच्छ सांगितलं होतं, रविवारच्या मॅचमध्ये गोल दिसला नाही तर पुढचं काही धरून चालू नकोस. शनिवारी निहार घरी आला आणि वरणभात पुढ्यात घेऊन नुसता बसून राहिला. अशा वेळी बापाने गप्प बसायचं असतं, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवशी दसरा होता. निहार अजून झोपलेला. मी त्याच्या बॅगेतून स्केट्स, म्हणजे तळाला पाती लावलेले बूट, काढले आणि देवापुढे पाटावर ठेवले.

"अहो, त्याच्या वस्तूंना हात लावू नका," सुनंदा म्हणाली. (ही माझी पत्नी. घरातली अक्कल तिच्याकडे असते.)

"माझे वडील दर दसऱ्याला त्यांच्या लेथ मशीनची पूजा करायचे. एकदाही बंद पडलं नाही ते."

"लेथवर उभं राहून कोणी घसरत नव्हतं. आणि पूजेला मांडलेली वस्तू त्या दिवशी वापरत नाहीत. त्याची आज मॅच आहे."

"मी नाही का दरवर्षी पूजेतला लॅपटॉप संध्याकाळी वापरत?"

"म्हणून तर तुम्ही अजून आहात तिथेच आहात."

मी दुर्लक्ष केलं. गुळगुळीत पात्यांवर हळदकुंकू ठरेना, म्हणून कुंकू खोबरेल तेलात कालवलं आणि दोन्ही स्केट्सना सढळ हाताने फासलं. पातं बुटाला मिळतं त्या खाचेत तर बोटाने भरलं. नऊ मॅचची कसर काढायची होती. मग कोणी पुसू नये म्हणून पात्यांवर प्लास्टिकची कव्हरं चढवली आणि जोडी बॅगेत ठेवून दिली. निहारला सांगितलं नाही. उगाच टेन्शन कशाला?

दुपारी आम्ही मैदानाभोवतीच्या काचेला लागून पुढच्या रांगेत बसलो. निहारची नजर डगवर. खाली न बघताच त्याने कव्हरं काढली आणि बर्फावर उतरला. वॉटफर्डच्या स्वयंपाकघरात खोबरेल जूनमध्येही वितळत नाही, तिथे तर ते दगड झालं होतं. आता पायाच्या हिसक्यांनी त्याचे तुकडे सुटू लागले. (मॅचआधीच्या सरावातही सुटले असणार, पण मधे गाडी फिरवून बर्फ नवा करतात.) बर्फावर लाल ठिपके दिसले. तिथे तांबड्या-निळ्या रेघा मुळातच रंगवलेल्या असतात. मला वाटलं, सजावट वाढवली.

तेवढ्यात पक (त्यांचा चेंडू, म्हणजे रबराची चकती) निहारला मिळाला. पुढे कोणी नाही, फक्त गोलकीपर. निहारने त्याला डावीकडे झुलवलं आणि उजवीकडून पक जाळ्यात! मी शेजारच्या अनोळखी आजीबाईंना मिठी मारली.

"अहो, बसा," सुनंदा म्हणाली. "शिट्टी आधीच झालीय."

बर्फावर रक्त दिसलं की खेळ थांबवतात. प्रथमोपचारवाली बाई धावत आली. तिने निहारला तपासलं, जखम नाही. दुसऱ्याला तपासलं, तिसऱ्याला तपासलं. सगळे आपापले हातपाय चाचपू लागले. समोरच्या टीमचा सर्वांत आडदांड बचावपटू तर उगाचच घेरी येऊन खाली बसला. शेवटी रेफरीने बोट टेकवून वास घेतला. नारळ! निहारने आपल्या स्केट्सकडे पाहिलं आणि मान वर केली. शेकडो चेहऱ्यांतून माझा त्याने पहिल्या फटक्यात शोधला.

शिट्टीनंतरचा गोल धरत नाहीत. दुसरा झाला नाही.

मॅचनंतर डगने मला बोळात गाठलं. "हे काय होतं?"

"पवित्र पूड," मी इंग्रजीत म्हणालो. "विजयासाठी."

त्याने जरा विचार केला. "कोणाच्या?"

गाडीत निहार म्हणाला, "बाबा, ती माझी गोल होती. आय नीडेड इट."

त्याचं मराठी सुधारायची माझी सवय त्या दिवसापुरती गेली. मुलाच्या हातातोंडाशी आलेलं मी भक्तिभावाने काढून घेतलं होतं.

ऑक्टोबर संपला, क्लबने थँक यू म्हटलं. पुढचा मोसम निहार खालच्या लीगमधल्या छोट्या क्लबकडून खेळला. त्या दसऱ्यालाही त्याची मॅच होती. मी कोट घालून गाडीची किल्ली शोधत होतो, तेवढ्यात सुनंदा हळदकुंकू घेऊन आली. तिने माझ्या कपाळाला बोट लावलं, डोक्यावर झेंडूचं फूल ठेवलं आणि खांदे धरून मला सोफ्यावर बसवलं.

"आज पूजा तुमची," ती म्हणाली. "आता हलायचं नाही. पूजेला मांडलेली वस्तू त्या दिवशी वापरत नाहीत."

संध्याकाळी निहारचा फोन आला. दोन गोल केले होते. मुलाच्या कारकिर्दीला मी आजवर लावलेला हा एकमेव हातभार.