रक्त आणि इलेक्ट्रॉन

२१ डिसेंबर. मूल गावात मोठ्या बहिणीच्या अंगणात लाखोळीची भाजी खुडत बसले होते. तिला आम्ही बाई म्हणतो. तीही खुडत होती.

तिच्या मुलीचं, म्हणजे माझ्या भाचीचं, लग्न ठरलं आहे. मुलगा सिकलसेलचा, म्हणजे रक्ताच्या एका आनुवंशिक आजाराचा, वाहक आहे, हे त्यानेच पहिल्या भेटीत सांगितलं. भाचीही वाहक निघाली तर होणाऱ्या प्रत्येक मुलाला आजाराची शक्यता चारात एक. आता त्याच्या घरचे हिचा रिपोर्ट मागताहेत. तपासणी दोनदा ठरली, दोन्हीदा बाईने मोडली.

“काऊन टाळून राह्यली?” मी शेवटी विचारलं.

“तूच तं शिकवत होतीस पोट्ट्यायले. मोजेपर्यंत काई ठरतच नाई म्हणून. मंग नाई मोजत आमी.”

चूक माझी. मी ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते. दिवाळीत बाई माझ्याकडे होती, तेव्हा ओसरीवर शिकवणी चालायची. इलेक्ट्रॉनची जागा मोजण्याआधी ठरलेलीच नसते, आणि ती नेमकी करायला गेलं की त्याचा वेग हातातून निसटतो, हे मी घाईत सांगून मोकळी झाले होते. कुठे लागू पडत नाही, ते सांगायचं राहिलं.

“ते इलेक्ट्रॉनचं आहे, बाई. तिथं मोजण्याआधी उत्तरच नसते. पोरीचं तं पोटात होती तवाच ठरलं. आपल्याले माहीत नाई, एवढंच.”

“मंग तुझा इलेक्ट्रॉन बरा. त्याले तरी सवड असते.”

मी हसले. ती हसली नाही.

बाईचा थोरला मुलगा नवव्या वर्षी गेला. डोळे पिवळे व्हायचे, सांधे सुजायचे. कावीळ समजून झाडपाल्याचं औषध चाललं. रक्त कोणी तपासलं नाही, आणि त्याचं आता काहीच मोजता येत नाही.

“पोरीचं निघालं,” बाई भाजीवरून नजर न उचलता म्हणाली, “तं त्याले काय झालं होतं तेही निघते. आन् कोनाकडून आलं तेही.”

तो आजार एकट्या आईकडून येत नाही, आईबाप दोघांकडून यावा लागतो, असं मी सांगितलं. खरं तेच आहे. तिने मान हलवली आणि किडकी पानं बाजूला टाकत राहिली. रिपोर्टने पोरीच्या रक्तात काही बदलणार नव्हतं. बाईची मागची सगळी वर्षं मात्र बदलणार होती.

भाची दारात येऊन उभी राहिली. “मावशी, मी उद्या तपासाले जाऊन राह्यली. येशील तं ये.”

बाई भाजी उचलून आत गेली.

२२ डिसेंबर. सकाळी पहिल्या बसने भाची आणि मी सरकारी दवाखान्यात गेलो. बाईने डबा दिला, आली नाही. नर्सने विचारलं, रक्त कोणाचं घ्यायचं. मी म्हटलं, दोघींचं. इतकी वर्षं फिजिक्स शिकवून मीही माझं कधी तपासलं नव्हतं. मी स्टुलावर बसले आणि बाही वर केली.