लेबल वाचणाऱ्या बाई

आमच्या ट्यूटरबाईंना खात्री करून घेण्याचं जे वेड होतं, तसं वेड आदिलाबाद जिल्ह्यात दुसऱ्या कुणाला असल्याचं मी ऐकलेलं नाही. ऐंशीच्या दशकात मी नर्सिंगच्या शाळेत दाखल झाले, तेव्हा औषधशास्त्र शिकवायला त्या होत्या. जाड भिंगांचा चष्मा, कडक इस्त्रीची पांढरी साडी आणि वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला पोचणारा आवाज. औषधाची शिशी उचलताना लेबल वाचायचं, ओतताना वाचायचं, परत ठेवताना पुन्हा वाचायचं, हा त्यांचा नियम. एखादी मुलगी म्हणाली, "बाई, रोजचीच शिशी आहे, मला पाठ आहे," की बाई उसळायच्या. "काऊन वं, औषधाचं नाव शिशीवर लिवलं हाय का तुया कपाळावर?" शिशी धरतानाही लेबल तळहाताकडेच हवं, कारण ओघळ लागून अक्षरं पुसली तर उद्याच्या नर्सनं काय वाचायचं! हॉस्टेलच्या स्वयंपाकघरातही त्या साखरेच्या डब्याचं लेबल वाचत आणि तरी चिमूटभर जिभेवर ठेवून पाहत. एकदा क्विनाइनची कडू गोळी त्यांनी आम्हा सगळ्यांच्या जिभेला लावली. आमची तोंडं वेडीवाकडी झाली, तेव्हा शांतपणे म्हणाल्या, "आता पेशंटनं गोळी थुकली तर त्याच्यावर वरडू नका. वाटीभर पाणी द्या अन् गिळेपर्यंत उभ्या राहा."

रोग्याला "तुम्ही गंगाबाईच ना?" असं विचारायची सक्त मनाई होती. "तापानं फणफणलेल्या माणसाले 'तू कलेक्टर हायेस का' म्हटलं तरी 'हो' म्हणते. त्याले इचार, तुमचं नाव काय? त्याच्या तोंडून येऊ दे." ही सवय त्यांनी दवाखान्याबाहेरही सोडली नाही. दवाखान्यातल्या एका क्लार्कच्या मुलीच्या लग्नाला इच्चोड्याला त्या आम्हाला घेऊन गेल्या. आम्ही पंगतीत बसलो, पानात लाडू पडले, आणि बाई आहेर द्यायला नवरीपुढे उभ्या राहिल्या. "बाळ, तुझं नाव काय?" नवरी लाजली, करवल्या हसल्या, आम्ही माना खाली घातल्या. नवरीनं नाव सांगितलं आणि बाई गर्रकन वळून ओरडल्या, "पोरीहो, ठेवा ते लाडू! आपलं लग्न पलीकडच्या मांडवात हाय!"

आम्ही त्यांच्या नकला करायचो. त्या नकला बंद झाल्या, त्याला कारण उटनूरकडच्या एका खेड्यातून आलेली बाळंतीण. अंगात ताप, कुशीत लहानगं बाळ. डॉक्टरांनी पेनिसिलिन लिहिलं होतं, मी सिरिंज भरून ट्रे घेऊन उभी होते. आधी कधी सुईचा त्रास झाला का, असं बाईंनी विचारलं. तिच्या वतीनं नवराच घाईनं उत्तरं देत होता, "नाई, काईच नाई." बाईंनी त्याला चहा प्यायला बाहेर पाठवलं, खाटेवर बसल्या आणि मोडक्यातोडक्या गोंडीत तिलाच विचारू लागल्या. मग तिनं हळूच आपला गळा धरला, अंगावर गांध्या उठल्याच्या खुणा केल्या. माहेरी असताना बाजारात कुणीतरी असंच इंजेक्शन दिलं होतं, श्वास अडकला होता, मरता मरता वाचली होती. नवऱ्याला त्यातलं काहीच ठाऊक नव्हतं. भरलेली सिरिंज माझ्या ट्रेमध्येच राहिली. निरोप मिळताच धावत आलेले तरुण डॉक्टर ऐकून पांढरे पडले. "बरं झालं विचारलंत, बाई," म्हणत त्यांनी औषध बदललं.

व्हरांड्यात येऊन बाई बाकावर बसल्या. चष्मा काढून पुसत राहिल्या. आम्ही भोवती जमलो तशा खेकसल्या, "पाहून काय राह्यल्या? पाणी आणा मले!" काही दिवसांनी ती बाळंतीण स्वतःच्या पायांनी चालत बसमध्ये चढली. बाळाला मीच तिच्या हाती दिलं. नर्स म्हणून मी जी काही झाले, ती त्या दिवसापासून.

नव्वदच्या दशकात बाई निवृत्त होऊन जैनथला भावाकडे राहायला गेल्या. एकदा आदिलाबादच्या बसस्टँडवर भेटल्या. खूप वाळल्या होत्या. आम्ही चहा घेतला. मी म्हणाले, "बाई, तुमचे उपकार आहेत माझ्यावर."

"उपकार काय करते? चहा थंडा होऊन राह्यला तुया."

मग बशीकडे बघत, एरवीपेक्षा कितीतरी हळू आवाजात त्यांनी विचारलं, "मी लय वरडत होती का वं तुमच्यावर?"

"नाही, बाई," मी म्हणाले.

मुलींचं खोटं त्यांना तेव्हाच्या तेव्हा कळायचं. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. माझा हात थोडा वेळ हातात धरून ठेवला, आणि जैनथची बस लागली तशी पिशवी उचलून निघाल्या.