तोंडच्या पाण्याचा चाफा

लग्न होऊन मी पूर्णेला आले, तेव्हा आमच्या रेल्वे क्वार्टरच्या दारात पांढऱ्या चाफ्याचं एकच झाड होतं. झाड कसलं, छातीएवढी उंच फांदी आणि शेंड्याला दहा-बारा पानं. मोठा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. माझे यजमान इंजिनावर फायरमन होते. पोखर्णीच्या बाजूच्या एका मळ्यातून त्यांनी ती फांदी आपल्या आईसाठी आणली होती.

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. त्यांचा सगळा जन्म दुसऱ्याच्या रानात खुरपण्यात गेला. त्यांच्या माहेरी देवळामागं चाफ्याचं मोठं झाड होतं. लहानपणी त्यांनी खाली पडलेलं एक फूल उचलून परडीत ठेवलं, तर सगळी फुलं बाटली म्हणून पुजाऱ्यानं अख्खी परडी उकिरड्यावर फेकली होती. एकदा भाकरी थापता थापता त्यांनी मला हे सांगितलं आणि वर एवढंच म्हणाल्या की, बुद्ध पौर्णिमेला विहारात आपल्या दारचा चाफा न्यायचाय.

त्या चैत्रात फांदीच्या टोकाला कळ्यांचा तुरा निघाला. आत्याबाई दिवसातून चारदा जाऊन बघायच्या. पण आठच दिवसांत पानं पिवळी पडायला लागली, त्यांच्या पाठीवर तांबूस भुकटी दिसू लागली आणि दोन कळ्या गळून पडल्या. आत्याबाईंनी घाबरून मुळाशी घागर ओतली. मी पान तोडून स्टेशनच्या बागेतल्या माळ्याकडं नेलं. त्यानं ते उन्हात धरून पाहिलं. लाल कोळी आहे म्हणाला, कोरड्या झळांत वाढतो. मुळाशी जास्त पाणी घालू नका, फांदी सडेल. पानांच्या पाठीवर सकाळ-संध्याकाळ पाणी मारा, पण धुक्यासारखं बारीक. त्याचा पंप विषारी औषधाचा, तो मागण्यात अर्थ नव्हता.

हातानं शिंपडलं तर टपोरे थेंब पडून घरंगळून जायचे. पानाची पाठ कोरडीच. दोन दिवस तसेच गेले. तिसऱ्या दिवशी यजमानांचे कपडे घेऊन इस्त्रीवाल्याकडं गेले. त्यानं तोंडात पाणी भरलं, ओठ आवळले आणि सदऱ्यावर असा फवारा सोडला की क्षणभर उन्हात धूर उठल्यासारखं वाटलं. मी कपडे तिथंच टाकून घरी आले.

पहिल्यांदा सगळं पाणी माझ्याच पदरावर सांडलं. आत्याबाई दारात बसून हसत होत्या. मग गाल किती फुगवायचे, ओठ किती आवळायचे ते जमत गेलं. गुडघ्यावर बसायचं, पान वर उचलायचं आणि खालून फुर्रर. नळाला तासभरच पाणी यायचं, पण ह्या कामाला तांब्याभर पुरायचं. आत्याबाईंचे पुढचे दोन दात पडलेले, तरी त्याही सरसावल्या. त्यांचा फवारा माझ्यापेक्षा बारीक यायचा, हे मला कबूल करावं लागलं.

शेजारची बाई रोज बघायची. एका सकाळी कुंपणाशी येऊन म्हणाली, "असलं उष्टं फूल वाहणार का तुमी?"

आत्याबाईंनी तोंडातलं पाणी आधी पानावर सोडलं, पदरानं ओठ पुसले आणि शांतपणे म्हणाल्या, "गावाकडं माझ्या हातानं फूल बाटायचं. हितं माझ्या तोंडच्या पाण्यानं फुलायलंय. हेच नेणार."

शेजारीण घरात गेली. आम्ही उरलेली पानं भिजवली.

पंधरा दिवसांत तांबूस भुकटी गेली. शेंड्याला नवी पानं फुटली, हिरवीगार, तेलाचा हात फिरवल्यासारखी. कळ्या फुगल्या. वैशाखातलं ऊन असं की दुपारी अंगणात पाऊल टेकवत नव्हतं, पण झाड मान वर करून उभं. पौर्णिमेच्या सकाळी दार उघडलं तर तुऱ्यावर अकरा फुलं उमललेली, मध्ये हळदीसारखी पिवळी.

आत्याबाईंनी न्हाऊन पांढरं लुगडं नेसलं. फुलं स्वतः उतरवली, मला हात लावू दिला नाही. ताट दोन्ही हातांवर धरून त्या रेल्वे क्वार्टरांच्या लाइनीतून विहाराकडं निघाल्या, रस्त्याच्या कडेनं नाही, मधोमध. भेटेल तो विचारायचा, चाफा कुठून आणला? त्या चाल न थांबवता सांगायच्या, "घरचा हाय."

विहारात त्यांनी एक फूल मूर्तीपुढं ठेवलं. मला वाटलं सगळी वाहतील. पण उरलेली दहा त्यांनी त्यांच्याबरोबर रानात राबलेल्या बायकांच्या हातात एकेक करून दिली आणि म्हणाल्या, "वाहा आता तुमी." वंदना सुरू झाली. साऱ्या बायकांच्या आवाजात त्यांचा आवाज सगळ्यात वर होता.