पहारेकऱ्याची झोप आणि पुढच्या खोलीची खिडकी

आमच्या समोरच्या घरात टाचणी राहते. हे तिचं खरं नाव नव्हे, पण खऱ्या नावाने तिला आता फक्त वीज मंडळाचं बिल हाक मारतं. ती पडदे शिवते. शिवताना दातांत चार-पाच टाचण्या धरलेल्या असतात, त्यामुळे ओठांच्या एकाच कोपऱ्यातून बोलते, आणि तरी दोन माणसांचं बोलते. वय पन्नाशीच्या जरा अलीकडे. मुलगी लग्न होऊन लांब गेली, घरात आता नवरा-बायको दोघंच.

नवरा एका गोदामावर रात्रपाळीचा पहारेकरी. सगळी गल्ली दात घासत असते तेव्हा हा गडी कामावरून घरी येतो आणि झोपायला जातो. अंगाने दांडगा, आवाजाने मवाळ. थोरल्या भावापुढे तर तोंडातून शब्द फुटत नाही.

घर तीन खोल्यांचं. रस्त्याकडे मोठी खोली, तिला दक्षिणेला ही भली थोरली खिडकी. मधली खोली बिनखिडकीची, त्यात टाचणीचं मशीन, कापडाचे तागे आणि दोन ट्रंका. मागे स्वयंपाकघर. घरातल्या कर्त्याचा पलंग पुढच्या खोलीत, हे तिच्या सासऱ्यांनी ठरवलेलं. सासरे गेले, पलंग तिथेच राहिला, त्यावर मुलगा आला. त्याला झोपायचं दिवसा, म्हणून खिडकीवर काळं कापड ठोकलं. वीस वर्षं झाली त्याला. आणि ही बाई भर दुपारी मधल्या खोलीत दिवा लावून दुसऱ्यांच्या खिडक्यांचे पडदे शिवते.

गेल्या हिवाळ्याच्या सुरुवातीला एक दिवस ती आली ती माझ्या पायरीवर बसकण मारूनच.

"आजी, हे पहाटे डुलकी घेताना सापडले. साहेबांनी लिहून घेतलं त्यांच्याकडून, की पुन्हा झोपलेला आढळलो तर आपणहून काम सोडीन."

"अगं, पण दिवसभर झोपतो की तो!"

"झोपतात कुठले! खोली अशी गार, की अकरालाच जाग येते. मग पाय पोटाशी घेऊन छताकडे बघत बसतात. या वयात दुसरं काम कोण देणार त्यांना?"

ते खरंच होतं. चौकीदाराला झोपेचाच पगार असतो म्हणा ना. दिवसा नीट झोपला तर रात्री जागणार.

"मग काय करणार आहेस?"

"खोली हिवाळ्याची करते," ती म्हणाली. "पैसे नाहीत, पण कापड आहे."

आता तिच्याकडे कापड आहे म्हणजे काय, ते सांगते. पडदे शिवून झाले की उरलेला तुकडा ती गिऱ्हाइकाला दाखवते आणि गिऱ्हाईक म्हणतं, ठेव तुझ्याकडे. अशी वर्षानुवर्षांची बोचकी. ती सगळी तिने सोडली. कोपऱ्यावरच्या रंगाऱ्याकडे कुणाच्या तरी गच्चीचा विटकरी रंग अर्धा डबा उरला होता, तो मागून आणला आणि पलंगामागची भिंत स्वतः रंगवली. खाली वीतभर भिंत उरली आणि डबा संपला, मग तिथे आडवी फळी लावून त्यावर दोन भांडी ठेवली आणि मुद्दामच केल्यासारखं दाखवलं. कात्रणांच्या वेण्या घालून गोल सतरंजी शिवली. दाराच्या फटीतून वारा येतो म्हणून चिंध्या ठासून एक लांब लोड केला, तो दाराशी अजगरासारखा पडून असायचा. मला आत जाताना पाय उचलायला लागायचा नि दर वेळी मी त्याला शिव्या द्यायचे.

पण खरा जीव ओतला तो पडद्यात. तीन थरांचा पडदा. बाहेरून ते जुनं काळं कापड, मधे विरलेलं ब्लँकेट, आतून एका सभागृहाच्या पडद्यातलं उरलेलं डाळिंबी कापड, मऊ लुसलुशीत. खिडकीनेच रजई पांघरली म्हणा. खाली वजन राहावं म्हणून काठात जुने वॉशर शिवले. दिवा लावला की खोली अशी दिसायची, की गल्लीतल्या बायका बघायला आल्या. एकीने तर हळूच सतरंजी उलटून टाके पाहिले. मीही गेले होते. छान होतं हो सगळं, उगीच नावं कशाला ठेवू?

दोन दिवसांनी पहारेकरी दिसला. डोळे लालच.

"काय रे, झोप कशी आहे आता?"

"खोली एकदम झकास झालीय, आजी. पूर्वी अकरापासून बघत पडायला काही नव्हतं, आता आहे."

टाचणीने हे ऐकलं आणि पडद्याला कडेने आणखी एक पट्टी जोडली. मग पडद्यावर झालर लावली, म्हणजे वरून उजेड नको. तिचं सगळं औषध कापडाचंच. डोकं दुखलं तर डोक्यालाही अस्तर लावेल.

आता मी थंडीत काय करते, तर माझ्या पायरीवर खुर्ची टाकून बाजूच्या बोळातून येईल तेवढं ऊन खाते. ऊन सरकलं की खुर्ची सरकवते, एवढाच माझा उद्योग. त्यामुळे गल्लीत ऊन कधी कुठे असतं हे मला पाठ आहे. एका दुपारी मी टाचणीला बोलावलं आणि तिचीच खिडकी दाखवली.

"हे बघ. दहा वाजता तुझ्या खिडकीवर ऊन येतं ते तीनपर्यंत हलत नाही. गल्लीत एवढं ऊन दुसऱ्या कुणाला नाही. आणि तू त्याला काळी पाठ दाखवून बाहेर उभं करतेस. मग भिंती गार राहणार नाहीत तर काय होणार? शिवाय खिडकीखालीच भंगारवाला ओरडतो, शाळेची गाडी तिथेच थांबते. आणि खरं सांगायचं तर मलाही हळू बोलता येत नाही."

"मग पडदा काढू? आणि ते झोपतील कुठे, माझ्या डोक्यावर?"

"मधल्या खोलीत. तसाही तिथे अंधारच आहे."

टाचणीने तोंडातल्या टाचण्या काढून हातात घेतल्या. एवढं ती फक्त भांडायचं असेल तेव्हाच करते.

"घरातल्या कर्त्या माणसाला अडगळीत टाकू? आणि थोरले भाऊजी रविवारी आले की काय म्हणतील? नाही आजी, तुम्ही ऊन खा. पडद्यातलं मला कळतं."

मग मी ऊन खाल्लं.

पुढे आठवड्याभरात पडद्याला कुबट वास यायला लागला. गार काचेवर आतून पाणी धरायचं आणि ब्लँकेट ते पिऊन बसायचं. एका सकाळी नवरा यायच्या आधी तिने पडदा उतरवला आणि मागच्या दोरीवर वाळत टाकला. तो इतका जड, की दोरी जमिनीला टेकली. खिडकीवर दुसरं लावायला काही नव्हतं, कारण काळं कापड पडद्याच्याच पोटात शिवलेलं. एक दिवस डोळ्यांवर टॉवेल टाकून झोपा, असं त्याला सांगून ती एका गिऱ्हाइकाच्या खिडक्या मोजायला गेली.

एक वाजता परत आली ती आत गेली आणि तशीच धावत बाहेर आली. चेहरा पांढराफटक.

"आजी, हे घरात नाहीत! पलंग रिकामा आहे. गोदामातून कुणी बोलवायला आलं होतं का? साहेब आला होता का?"

"कुणी आलं नाही नि कुणी गेलं नाही. मी सकाळपासून इथेच आहे. घरातच असेल, बघ नीट."

मीही मागोमाग गेले, अजगरावरून पाय उचलून. पुढच्या खोलीत पाऊल टाकलं आणि थांबलेच. वीस वर्षांत मी त्या खोलीत ऊन पाहिलं नव्हतं. सतरंजीवर, पलंगावर, निम्म्या भिंतीवर ऊन. फरशीसुद्धा कोमट. आणि मधल्या खोलीतून घोरण्याचा आवाज.

टाचणीने तिथला दिवा लावला. पहारेकरी कापडाच्या गठ्ठ्यावर आडवा झाला होता, उशाला ताग्याचा एक गोळा, एक पाय ट्रंकेवर, तोंड उघडं. मागच्या भिंतीपलीकडे चूल, त्यामुळे खोली उबदार. चारी बाजूंनी कापड, त्यामुळे रस्त्याचा आवाज आत येतच नव्हता. आम्ही दिवा लावला तरी त्याची पापणी हलली नाही.

मग टाचणीने कपाळावर हात मारला. ज्या गठ्ठ्यावर तो झोपला होता ते डॉक्टरीणबाईंचे पडदे होते. आठ नग, इस्त्री करून, घड्या घालून ठेवलेले. आणि त्या दोन वाजता न्यायला येणार होत्या.

टाचणीने इतक्या वर्षांत कुणाची तारीख चुकवलेली नाही. ताप असला तरी नाही, मुलीच्या लग्नाच्या आठवड्यातही नाही. त्यावरच तर तिला गिऱ्हाइकं. तिने नवऱ्याच्या खांद्यापर्यंत हात नेला आणि तसाच मागे घेतला. मग दिवा मालवला आणि दार ओढून घेतलं.

दोनला डॉक्टरीणबाई दारात. टाचणी उंबऱ्यावरच उभी राहिली आणि कुजबुजत म्हणाली, "उद्या देते, बाई."

"उद्या? अगं, संध्याकाळी पाहुणे आहेत माझ्याकडे. तू आज म्हणाली होतीस. आणि अशी हळू का बोलतेस?"

"थोडं काम राहिलंय त्यावर."

तेवढ्यात आतून एक जोरदार घोरणं आलं. डॉक्टरीणबाईंनी मान पुढे काढली. "मशीन बिघडलंय का तुझं?"

"नाही," टाचणी म्हणाली. "आजच नीट चालायला लागलंय."

बाई हसल्या नाहीत. उद्या नऊला पाहिजेत म्हणाल्या आणि निघून गेल्या. मला वाटलं टाचणी रडणार. पण ती पुढच्या खोलीत उन्हात खाली बसली आणि पायांवरून हात फिरवत राहिली.

पहारेकरी उठला पाच वाजता. सात-आठ तासांची सलग झोप. चुरगळलेले पडदे बघून तो घाबरला, पण टाचणी एवढंच म्हणाली, "अहो, पलंग आत घेऊया का?"

तो म्हणाला, "म्हणजे मी आत, ट्रंकांबरोबर?"

"ट्रंका बाहेर येतील. मशीनही. तुम्ही आत, मी बाहेर."

"बाबांचा पलंग आहे तो. लोक म्हणतील, हिने नवऱ्याला कोठीत टाकलं."

"लोक दिवसा झोपत नाहीत. त्यांचं कशाला ऐकायचं?"

त्याने बघू म्हटलं आणि कामावर गेला. ही रात्री जेवून पुन्हा इस्त्री घेऊन बसली. सकाळी तो आला, पुढच्या खोलीत पलंगाशी थोडा वेळ उभा राहिला, मग आपली उशी उचलून स्वतःच आत गेला. जाताना बायकोला म्हणाला, "आजचे पडदे कुठले आहेत? ते तेवढे आधी उचलून ठेव."

रविवारी पलंग हलवायला घेतला आणि नेमके थोरले भाऊजी आले. दारातूनच म्हणाले, "काय रे, घरातून काढलं वाटतं तुला हिने? वडिलांच्या जागेवर आता मशीन बसणार?"

टाचणीने माझ्याकडे बघितलं. मी पहारेकऱ्याकडे. तो पलंगाचं एक टोक धरून वाकलेला होता, तसाच म्हणाला, "दादा, तो कोपरा धर. आडवा करून न्यावा लागेल."

भाऊजींनी कोपरा धरला. पलंग जड होता, त्यामुळे पुढचं बोलायला त्यांच्याकडे दमही उरला नाही.

ट्रंका आणि बोचकी पुढे आली, त्यांवर गादी टाकून बसायला बाक झाला. तो जाडजूड पडदा सुकवून टाचणीने आतल्या खोलीत रस्त्याकडच्या भिंतीवर टांगला. तिथे ना ओल ना पाणी, आणि डाळिंबी रंगामुळे कुणी त्या खोलीला कोठी म्हणणार नाही. खिडकीला जुनी पातळ चादर मधोमध फाडून लावली, तीही सकाळी दोन्हीकडे सारून ठेवते. विटकरी भिंत मात्र उन्हात उघडी पडली. दिव्यात एकसारखी दिसायची, आता ब्रशचा फटकारा न् फटकारा दिसतो. डबा रिकामा आहे, म्हणून तशीच राहिली. मशीन खिडकीशी आलं. दिवसाचा दिवा बंद झाला. एक नवी वस्तू विकत आणली नाही.

आणि नोकरीचं सांगते. तीन आठवड्यांनी साहेब उजाडता उजाडता गोदामावर आला, फाटकाच्या बरंच अलीकडे गाडी लावून, रबरी बुटांनी, चोरपावलांनी. अर्ध्या वाटेत असतानाच पहारेकऱ्याने अशी आरोळी ठोकली, "कोण आहे? तिथेच थांबा!", की साहेबाच्या हातातली बॅटरी पडून फुटली. हे पहारेकऱ्याने मला सांगितलं. मवाळ आवाजाचा माणूस, पण सांगताना आरोळी पुन्हा मारून दाखवली. लिहून दिलेला कागद काही साहेबाने परत दिला नाही, तो त्याच्या कपाटात असेल. पण हिवाळा संपला आणि त्याला दुसरा कागद जोडला गेला नाही.

आता फक्त उठवायची कटकट आहे. आत दिवस आहे की रात्र ते कळत नाही, त्यामुळे तो आपणहून उठत नाही. चारच्या सुमारास टाचणी चहा घेऊन जाते नि हाका मारते. मला पायरीवर ऐकू येतात. तीन-चार तरी लागतात.